साबुदाण्याचा ढेकूण आणि नाव लावणारी माणसं

आपल्याकडे साबुदाणा किती खपतो हे काही वेगळं सांगायला नको, पण तो येतो मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलम भागातून आणि बनतो कसाव्याच्या म्हणजे टॅपिओकाच्या कंदापासून हे अजूनही बऱ्याच जणांना माहीत नसतं. आमच्या ओळखीतल्या एका मावशींना मी सांगितलं की हे मूळचं दक्षिण अमेरिकेतलं कंद आहे, तर त्या म्हणाल्या मग उपासाला कसं काय चालतं. असो, तो विषय वेगळा.

तर झालं असं की २०२० मध्ये केरळात त्रिशूरला कसाव्यावर एक पिठ्या ढेकूण (म्हणजे मिलीबग, झाडाचा रस शोषणारी पांढरी कीड) सापडला जो आधी भारतात नव्हता. शेंडे आखडतात, पानं गुच्छासारखी गोळा होतात, झाड खुजं राहतं. लगेच तमिळनाडूतही दिसला, सेलम नामक्कल पट्ट्यात शेतकरी हवालदिल. आणि मार्च २०२२ मध्ये सेलम जिल्ह्यातल्या येत्तापूरच्या संशोधन केंद्रावर त्याचा शत्रू सोडण्यात आला, गांधीलमाशीच्या गणातली पण जेमतेम दीड मिलिमीटरची एक माशी जी ढेकणाच्या अंगात अंडं घालते आणि तिची अळी त्याला आतून खाऊन टाकते. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने ही माशी आणली कुठून तर बेनिनहून. पश्चिम आफ्रिकेतला छोटासा देश, नायजेरियाच्या शेजारी. अमेरिका नाही, युरोप नाही, बेनिन!

कीड सापडल्यापासून दोन वर्षांच्या आत नाव पक्कं, शत्रू ठरला, परवानग्या झाल्या, क्वारंटाइन झालं आणि माशी शेतात. आपल्या सरकारी वेगाच्या मानाने हे भन्नाट आहे. पण हे इतकं पटकन झालं कारण ह्याच ढेकणाच्या नावापायी आफ्रिकेने चाळीस वर्षांपूर्वी भरपूर सोसलंय, आणि आज मला त्याबद्दलच लिहायचंय. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि वर्गीकरण म्हणजे टॅक्सॉनॉमी म्हटलं की वर्गात ज्या जांभया येतात त्या बघून बघून हे कधीतरी नीट लिहायचंच होतं.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हा ढेकूण काँगो-झाईर भागात दिसायला लागला. कसावा तिकडे उपासाचा पदार्थ नाही, रोजचं पोटभरीचं अन्न आहे, आफ्रिकेत तेव्हा सुमारे २० कोटी लोक त्यावर अवलंबून होते. १९७७ मध्ये पॅरिसच्या म्युझियमच्या दानिएल मातील-फेरेरो यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं, फेनॅकॉकस मॅनिहोटी. कसावा दक्षिण अमेरिकेतला म्हणजे कीडही तिकडचीच असणार आणि तिचे शत्रूही तिकडेच, इतपत सगळ्यांना कळत होतं. मग शोध सुरू. कॅरिबियन आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात कसाव्यावर अगदी तसाच दिसणारा ढेकूण मिळाला, त्याच्यावरचे मित्रकीटक गोळा केले, आफ्रिकेतल्या ढेकणावर सोडून बघितले आणि ते काही चालेनात. आफ्रिकेतला ढेकूण त्यांना पसंतच नव्हता.

झालं होतं इतकंच की तो ढेकूण तो नव्हताच. नीट स्लाइडी करून तपासल्यावर १९८१ मध्ये तो वेगळी जात म्हणून जाहीर झाला. खरं तर एक खूण हाताशी होती, आफ्रिकेतल्या ढेकणात नर नसतातच, माद्याच माद्या घालतात, आणि ह्या दुसऱ्यात नर होते. आणि गंमत बघा, ह्या चुकीच्या ढेकणाला नाव मिळालं फेनॅकॉकस हेरेनी, म्हणजे ज्या हान्स हेरेन यांनी पुढे आफ्रिकेत ही मोहीम यशस्वी केली आणि १९९५ चं वर्ल्ड फूड प्राइझ मिळवलं, त्यांचं नाव कायमचं नको असलेल्या ढेकणाला चिकटलं. खरा ढेकूण त्याच वर्षी म्हणजे १९८१ मध्ये पॅराग्वेत सापडला, कोलंबियातल्या सियाट ह्या संशोधन संस्थेच्या टोनी बेलोटी यांना. त्याच्यावरची माशी लंडनमध्ये क्वारंटाइन होऊन नायजेरियात इबादानला आली आणि मग पुढे कसावा पिकवणाऱ्या बहुतेक आफ्रिकी देशांत पसरली. नाव चुकलं तिथे वर्षं गेली, नाव बरोबर लागलं तिथे काम मार्गी लागलं, बाकी सगळं तेच होतं, तीच माणसं तेच पैसे.

नाव लावणं म्हणजे नेमकं काय करतात हे एकदा सांगते कारण लोकांना वाटतं पुस्तक उघडलं चित्र जुळवलं झालं. पिठ्या ढेकूण नुसता बघून जात कळत नाही, सगळे पांढरे आणि सगळे पिठात लोळल्यासारखे. त्याला अल्कोहोलमधून काढायचं, अंगाला बारीकशी चीर द्यायची, दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये हलकेच तापवायचं म्हणजे आतला सगळा ऐवज विरघळतो, मग दोन बारीक सुयांनी दाबून दाबून तो बाहेर काढायचा, उरतं ते नुसतं पारदर्शक कातडं. ते गुलाबी रंगात रंगवायचं, लवंगेच्या तेलात ठेवायचं (लॅबभर दाढदुखीच्या औषधाचा वास), कॅनडा बाल्समच्या थेंबात पोटाची बाजू वर करून पसरायचं आणि वरून कव्हरस्लिप, हे करताना मिशा आणि पाय तुटले नाहीत तर तुमचं नशीब. मग मायक्रोस्कोपखाली मिशांचे भाग मोजायचे, कडेचे काटे मोजायचे, पोटावरची छिद्रं कुठल्या ओळीत आहेत पाच कप्प्यांची की बऱ्याच कप्प्यांची ते बघायचं. आणि इतकं करून शेवटी ताडून बघायला खात्रीची स्लाइड हवी, जिच्यावर कुणा जाणकाराने नाव लिहिलंय अशी. ती स्लाइड कुठे असते? बहुतेक वेळा लंडन, पॅरिस नाहीतर वॉशिंग्टन.

खरी अडचण इथेच आहे. जगातली बहुसंख्य जीवजात आहे गरम प्रदेशात म्हणजे आपल्यासारख्या देशांत, आणि नमुने, जुनी जर्नल्स, जाणकार हे सगळं साठलंय थंड प्रदेशात. १९९८ मध्ये जैवविविधता कराराच्या देशांनी ब्रातिस्लाव्हात बसून जागतिक टॅक्सॉनॉमी उपक्रमाला मान्यता दिली ती ह्याच दुखण्यावर, आणि २०१२ मध्ये आपल्या हैदराबादेत त्याच उपक्रमाचं क्षमता वाढवण्याचं धोरण मंजूर झालं. पण ठराव वेगळे आणि ढेकूण वेगळा.

आता कुठलाही एक गरीब देश, म्हणजे समजा मलावी किंवा नेपाळ, प्रत्येक गटाला एक जाणकार पोसू शकतो का? ढेकणांना एक, थ्रिप्सना म्हणजे फुलकिड्यांना एक, सूत्रकृमींना एक, गवतांना एक, शेवाळाला एक… शक्यच नाही आणि गरजही नाही. कीड सीमा बघत नाही आणि शेजारी देशांत कीड वनस्पती सगळं जवळपास सारखंच असतं, मग ढेकणांचा माणूस तुमच्याकडे थ्रिप्सची बाई आमच्याकडे आणि नमुने इकडून तिकडे, इतकं साधं गणित आहे. हेच डोक्यात ठेवून १९९३ मध्ये बायोनेट इंटरनॅशनल नावाचं जाळं उभं राहिलं, टेक्विन जोन्स ह्या वेल्श कीटकशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने. कॅरिबियनचा एक गट, दक्षिण आफ्रिकी देशांचा सॅफ्रिनेट, आग्नेय आशियाचा आसियानेट, पॅसिफिक बेटांचा पॅसिनेट आणि आपल्या दक्षिण आशियाचासुद्धा एक, सॅकनेट. तुम्ही सॅकनेटचं नाव ऐकलंय? मी एमएस्सी करून कीटकांवर काम करायला लागल्यावरही बरीच वर्षं ऐकलं नव्हतं, ह्यातच काय ते आलं.

मला ह्या सगळ्यात सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र कीटकांचं नाही, वनस्पतींचं आहे. सॅबोनेट, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांचं वनस्पतींसाठीचं जाळं. १९९६ पासून साधारण दहा वर्षं चाललं. अंगोला, बोट्स्वाना, लेसोथो, मलावी, मोझांबिक, नामिबिया, दक्षिण आफ्रिका, स्वाझीलँड, झांबिया, झिम्बाब्वे असे दहा देश. वर्ष लक्षात घ्या, दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट १९९४ ला संपली, तोवर हे शेजारी एकमेकांशी धड बोलतही नव्हते, अंगोला आणि मोझांबिक तर यादवी युद्धात होरपळलेले, काही हर्बेरियममध्ये (म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) कपाटं होती पण त्यात नवा कागद कुणी वर्षानुवर्षं लावला नव्हता. आणि दोन वर्षांत हे लोक वनस्पतींच्या नावांसाठी एकत्र बसले. राजकारण्यांना जमायला वेळ लागतो तिथे वनस्पतीवाले लवकर जमतात, निदान तिकडे तरी जमले.

त्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे कारण त्यात काहीही ग्लॅमरस नाही. प्रत्येक देशाच्या हर्बेरियममधल्या माणसाला कॉम्प्युटर आणि डेटाबेस शिकवला, प्रिटोरियाच्या हर्बेरियमचा डेटाबेस आधीपासून चालू होता त्याचा अनुभव हाताशी होता. शिक्षण तिथल्या तिथे, तिथल्याच विद्यापीठांत. एकत्र मोहिमा काढल्या, मलावी आणि झांबियाच्या हद्दीवरच्या न्यीका पठारावर वेगवेगळ्या देशांतले लोक बरोबर झाडं गोळा करत हिंडले, आणि एकाच झाडाचे नमुने सगळ्यांच्या कपाटात गेले. आणि शेवटी याद्या. झिम्बाब्वेची यादी, मोझांबिकची यादी, झांबियाची, लेसोथोची, स्वाझीलँडची, कुठल्या देशात काय उगवतं ह्याच्या साध्या चेकलिस्टी, आणि लिहिणारे बहुतेक त्या त्या देशातलेच लोक. २००२ मध्ये सगळ्या दहा देशांची मिळून धोक्यातल्या वनस्पतींची लाल यादी. ह्याच प्रदेशातल्या पाच देशांचा फ्लोरा म्हणजे वनस्पतींचा ग्रंथ लंडनच्या क्यू बागेतून १९६० पासून खंडाखंडाने निघतोय आणि तो उत्तमच आहे, पण मोझांबिकमधल्या मापुतोच्या माणसाने स्वतःच्या देशाची यादी स्वतः छापणं ही वेगळी चीज आहे.

सगळं गोड नव्हतं हेही खरं. दहातला एक देश, दक्षिण आफ्रिका, साधनांच्या बाबतीत बाकी नऊपेक्षा फारच मोठा होता. प्रिटोरियात दहा लाखांवर नमुने आणि लेसोथोत मोजके, म्हणजे सहकार्य म्हटलं तरी ओढ एकाच बाजूला. मोठ्या भावाने सढळ हाताने दिलं तर निभतं आणि मला वाटतं तिकडे बऱ्यापैकी दिलं गेलं. बाहेरचा निधी संपल्यावर मात्र प्रश्न आलाच, की शिकवलेल्या पोरांना पगार कोण देणार.

दुसरी एक गोष्ट त्याच सुमाराची. आफ्रिकेतल्या वनस्पतींचे टाइप नमुने म्हणजे ज्याच्यावरून जातीचं नाव ठरलं तो मूळ कागद, हे बहुतेक युरोपात. ते स्कॅन करायचे ठरले, पण हर्बेरियमचा कागद नेहमीच्या स्कॅनरवर पालथा घालता येत नाही, शंभर दीडशे वर्षांची वाळलेली फुलं गळून पडतील ना. मग त्यांनी स्कॅनरच उलटा टांगला, काच खाली तोंड करून, आणि नमुना खालून मऊ गादीवर वर उचलून काचेला हलकेच टेकवायचा. इतकी साधी युक्ती आणि तिच्यामुळे अदिस अबाबात बसून लंडनचा कागद झूम करून बघता येतो, केस न् केस दिसतो.

आता आपलं. कापसावरचा पिठ्या ढेकूण आठवत असेल विदर्भ मराठवाड्यातल्या लोकांना, २००६-०७ च्या आसपासचा. तो आधी २००५ ला पाकिस्तानात सिंध पंजाबात भडकला आणि मग आपल्याकडे गुजरात, पंजाब, महाराष्ट्र. सुरुवातीला त्याला भलतीच नावं लावली जात होती, पाकिस्तानात तर असं एक नाव फिरत होतं ज्याचं रीतसर वर्णन कुणी केलेलंच नव्हतं. २००८ मध्ये पक्कं झालं की हा फेनॅकॉकस सोलेनॉप्सिस, अमेरिकेत न्यू मेक्सिकोत मुंग्यांच्या वारुळात सापडलेला आणि १८९८ मध्येच नाव मिळालेला. ते पक्कं कुणी केलं? पाकिस्तानी शास्त्रज्ञांच्या जोडीने वेल्समधल्या कार्डिफच्या म्युझियमच्या ख्रिस हॉजसन यांनी. इकडे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने ९ राज्यांतल्या ४७ ठिकाणचे नमुने तपासले आणि सांगितलं की ९५ टक्के हाच आहे. काम दोन्हीकडचं चोख. पण मुलतान ते नागपूर ही सरळ रेषा नाहीच, एक टोक कार्डिफला आणि दुसरं नागपूरला. ढेकणाला मात्र व्हिसा लागला नाही.

त्या ढेकणाचा शत्रूही आपोआप दोन्ही देशांत हजर झाला, अशीच एक बारीक माशी. अलीगढच्या मोहम्मद हयात यांनी २००९ मध्ये तिला नाव दिलं इनेशियस बंबावाले-ई, राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राचे तेव्हाचे संचालक डॉ. ओ. एम. बंबावाले यांच्या सन्मानार्थ. मराठी आडनाव माशीला लागलं म्हणून मला फार आनंद झालेला. काही वर्षांनी लक्षात आलं की ही अमेरिकेतली जुनीच जात आहे, अ‍ॅरिझोनाच्या नावाची, मग नियमाप्रमाणे जुनं नाव वर आणि बंबावाले खाली. वाईट वाटलं पण हे असंच चालतं, आणि खरं तर असंच चालायला हवं.

दक्षिण आशियात प्रिटोरियाच्या जागी कोण असणार हे उघड आहे. कोलकात्यात झूऑलॉजिकल सर्व्हे १९१६ पासून, बोटॅनिकल सर्व्हे १८९० पासून, दोघांच्या शाखा आपल्या पुण्यात, बंगळुरूला कीटकांचा ब्युरो, दिल्लीला पुसा कृषी संस्थेचा कीटकसंग्रह. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका ह्या सगळ्यांना उपयोगी पडेल इतकं आपल्याकडे पडून आहे. आणि घेण्यासारखंही आहे, सह्याद्री आणि श्रीलंका तर जैवविविधतेचा एकच हॉटस्पॉट म्हणून मोजतात, कोकणात सड्यावर उगवणाऱ्या झाडाचा भाऊबंद श्रीलंकेतल्या पेरादेनियाच्या हर्बेरियममध्ये असायची शक्यता भरपूर. पण पेरादेनियाला जाऊन आलेले मराठी वनस्पतीवाले मला फारसे भेटलेले नाहीत, क्यूला जाऊन आलेले भेटलेत.

एका ट्रेनिंगमध्ये माझ्या शेजारी नेपाळची एक मुलगी होती. स्लाइड करण्यात इतका हात बसलेला की शिकवणारे सर तिची स्लाइड फिरवून सगळ्यांना दाखवायचे. तिच्या ऑफिसात हे काम करणारी ती एकटीच. नंतर मेलवर बोलणं व्हायचं आणि मग कळलं तिची बदली झाली, आता बियाण्यांच्या परवान्याच्या फायली बघते. ट्रेनिंग झालं, सर्टिफिकेट मिळालं, रिपोर्टमध्ये एक आकडा वाढला, आणि ढेकूण बघणारं कुणी उरलं नाही. माझं ठाम मत आहे की वर्कशॉप पुष्कळ झाली, आता प्रत्येक प्रोजेक्टात अट घाला की शिकवलेल्या माणसाला पाच वर्षं त्याच टेबलावर ठेवणार असाल तरच पैसे. आपल्याकडे १९९९ ला पर्यावरण मंत्रालयाने टॅक्सॉनॉमीचा अखिल भारतीय प्रकल्प काढला, त्यातून चांगले विद्यार्थी तयार झाले, त्यातले कितीतरी आज सातवी आठवीला सायन्स शिकवतायत. शाळेला चांगला शिक्षक मिळाला म्हणा.

दुसरा अडथळा कायद्याचा. आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्याचा हेतू चांगला होता, परदेशी कंपन्यांनी आपलं लुटू नये. सरकारमान्य संयुक्त संशोधनाला त्यात वाटही ठेवलेली आहे. पण कोलंबोतल्या जाणकाराला चार मेलेले भुंगे पाठवायचे म्हटले तर कॉलेजातला मास्तर कागद बघूनच गार पडतो. २०१८ मध्ये केरळ कृषी विद्यापीठाचे के. डी. प्रथापन आणि श्रीलंकेचे रोहन पेथियागोडा वगैरेंनी सायन्स जर्नलमध्ये ह्यावरच लिहिलं, की जैवविविधता वाचवायला केलेला करारच तिचा अभ्यास मारतोय, आणि त्याला ३५ देशांतल्या दीडशेहून जास्त शास्त्रज्ञांनी पाठिंब्याच्या सह्या केल्या. भुंगा काही जिरेनियमचं अत्तर नाही की त्यातून कुणी कोट्यवधी कमावेल.

डीएनए बारकोडिंगने (म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जात ओळखून) हे सगळं सुटेल असं मला दर सेमिनारात कुणीतरी सांगतं. सुटेल की, पण बारकोड ज्याच्याशी जुळवायचा त्या नमुन्यावर आधी कुणीतरी बरोबर नाव लिहिलेलं असायला पाहिजे, नाहीतर मशीन तेच चुकीचं नाव पटापट वाटत सुटेल.

परत बेनिनकडे येते. कोतोनूला आयआयटीएचं (आपली पवईची नव्हे, नायजेरियात मुख्यालय असलेली कृषी संशोधन संस्था) केंद्र आहे आणि तिथे भलामोठा कीटकसंग्रह आहे, आजूबाजूच्या देशांतून नमुने ओळखायला तिथे येतात. २०१६ मध्ये आफ्रिकेत अमेरिकन लष्करी अळी आल्याचं पहिल्यांदा जाहीर केलं ते तिथल्याच गेऑर्ग गोएर्गेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आपल्या मक्यावर ती कर्नाटकात दिसली २०१८ ला. कसाव्याचा ढेकूण २००८ ला थायलंडला पोचला तेव्हा त्यांनीही माशी कोतोनूहूनच नेली, भरमसाट वाढवली आणि मग शेजारच्या देशांना दिली. नंतर आपण. म्हणजे पॅराग्वेची माशी, आफ्रिकेने सांभाळलेली, आणि सेलमच्या शेतात सोडलेली, आणि ह्यातला एकही देश श्रीमंतांच्या यादीत नाही. पूर्वी लंडनवरून जायला लागायचं.

हल्ली टीवायची काही पोरं विचारतात मॅडम टॅक्सॉनॉमीत करिअर आहे का. पगाराचं खोटं सांगत नाही. पण इतकं सांगते की गट निवडताना फुलपाखरं आणि साप सोडा, तिथे गर्दी आहे, असा गट बघा जो काबूल ते रंगून कुणी फारसा करत नाही, आणि पहिला मेल लंडनला नको, आधी काठमांडू, ढाका, पेरादेनियाला कोण आहे ते शोधा. एकाने घेतलंय मनावर, शेवग्यावरचे ढेकूण गोळा करून स्लाइडी करतोय, आणि श्रीलंकेत पाठवायला मेल लिहिलाय, फक्त फोटो, नमुना पाठवायला परवानगी लागते. ड्राफ्ट मला दाखवला. रिस्पेक्टेड सर नंतर अर्धं पान स्वतःची माहिती, मार्क, छंद, आणि ढेकूण कुठल्या झाडावर सापडला तेच लिहायचं राहिलं होतं. ते पहिल्या ओळीत टाक म्हटलं.